लग्नासाठी लिहिलेला अकिलीज

ट्रॉयच्या युद्धात आपला मुलगा मारला जाईल या भीतीने ग्रीक पुराणकथेतली समुद्रदेवता थेटिस वीर अकिलीजला मुलीच्या वेषात स्कायरॉस बेटावर राजा लिकोमिडीजकडे लपवते. हीच कथा इटालियन कवी पिएत्रो मेतास्तासिओने ‘आकिल्ले इन शिरो’ या ऑपेराच्या संहितेसाठी निवडली, आणि निमित्त होते ऑस्ट्रियाची राजकन्या मारिया तेरेसा व लॉरेनचा फ्रान्सिस यांच्या विवाहाचे! फेब्रुवारी १७३६ मध्ये व्हिएन्नात आन्तोनिओ काल्दाराच्या संगीतासह तिचा प्रयोग झाला. ज्याचे मरण ठरलेले आहे असा नायक विवाहसोहळ्यात आणणे धाडसाचेच होते.

मेतास्तासिओने ही अडचण मुख्यतः काटछाट करून सोडवली आहे. रोमन कवी स्टेशियसच्या अपूर्ण महाकाव्यात अकिलीज राजकन्या देइदामियावर बळजबरी करतो आणि तिला चोरून मूल होते. संहितेत यांपैकी काहीच नाही, उरते ते दोघांचे प्रेम, आणि त्यापायीच अकिलीज अंगाला टोचणारा तो स्त्रीवेष सहन करत राहतो. (अर्जुनाच्या बृहन्नडेला निदान शापाची सबब होती.) दुसऱ्या अंकात तो राजाच्या मेजवानीत लायर हे तंतुवाद्य घेऊन गातो, त्याला युद्धावर नेण्यासाठी आलेल्या युलिसिस या ग्रीक सरदाराने भेटवस्तूंमध्ये मुद्दाम शस्त्रे ठेवलेली असतात, बाहेर खोटी चकमक घडवली जाते आणि लायर फेकून अकिलीज शस्त्र उचलतो. चित्रकारांना हाच क्षण प्रिय असला, तरी माझ्या मते खरे नाट्य तिसऱ्या अंकात आहे, कारण शस्त्र उचलणे ही अकिलीजची सहजप्रवृत्ती होती, तर युद्धाला जाण्यासाठी जहाजावर चढायला निघालेला असताना देइदामिया समोर आल्यावर त्याला प्रथमच निवड करावी लागते. हा झगडा मुख्यतः सात आणि अकरा अक्षरी ओळींच्या रेसिटेटिव्हमधून, म्हणजे बोलल्यासारख्या गायलेल्या संवादांतून, उलगडतो. आरियांना, म्हणजे एकट्याने गायच्या गाण्यांना, दाद मिळत असे खरी, पण मेतास्तासिओचे कसब मला या संवादांतच अधिक दिसते.

शेवटी लिकोमिडीज विवाहाला संमती देतो, ट्रॉयमधले मरण पडद्याबाहेरच राहते, आणि कीर्ती, प्रेम व काळ अवतरून राजदांपत्याची स्तुती करतात. हा भाग निव्वळ दरबारी आहे.

तरीही संहिता त्या लग्नापुरती राहिली नाही. नोव्हेंबर १७३७ मध्ये नेपल्सचे सान कार्लो नाट्यगृह दोमेनिको सार्रोच्या संगीतातील याच ऑपेराने उघडले आणि तिथे अकिलीजची भूमिका विटोरिया तेसी या गायिकेने केली, म्हणजे मुलगी बनून राहणाऱ्या पुरुषाची भूमिका एका स्त्रीने. पुढे हास्सेने १७५९ मध्ये नेपल्ससाठी आणि पैसिएल्लोने १७७८ मध्ये सेंट पीटर्सबर्गसाठी तिला नव्याने संगीत दिले.