निवृत्तीनंतरचे घर आणि ऐंशीतले आपण

निवृत्तीनंतर कुठे राहावे, याचा विचार आम्ही पती-पत्नी सध्या करीत आहोत. डोंगरउतारावरचे टुमदार घर दोघांनाही मोहवते. मात्र असा निर्णय साठीच्या उंबरठ्यावर, हातपाय धड असताना घेतला जातो आणि त्याचे परिणाम ऐंशीच्या घरात भोगावे लागतात, हे ध्यानात आल्यापासून आम्ही प्रत्येक जागा एकाच कसोटीवर पाहू लागलो आहोत : आपल्यापैकी एकच जण मागे उरला आणि त्याला गाडी चालवता येईनाशी झाली, तर त्याचे इथे निभेल का?

या प्रश्नासरशी बऱ्याच रम्य जागा बाद होतात. औषधांचे दुकान, बँक आणि बसथांबा चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर गाडी चालवणे सुटताच माणूस घरात अडकतो. रुग्णालयाच्या बाबतीत तर किलोमीटरपेक्षा वेळ मोजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास ती विरघळवणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. म्हणजे जवळ दवाखाना आहे एवढ्याने भागत नाही, ही तपासणी तिथे मध्यरात्रीही होते का, हे विचारावे लागते. (घर दाखवणारे दलाल या प्रश्नाने हमखास गडबडतात.)

अरुंद दारे, निसरडे स्नानगृह या गोष्टी पैसे खर्चून सुधारता येतात. रस्त्याचा चढ मात्र सुधारता येत नाही.

मुलांच्या जवळ राहावे का, यावर आमच्यात मतभेद आहेत. नोकरीपायी मुले उद्या दुसरीकडे गेली, तर त्यांच्यासाठी निवडलेल्या अनोळखी गावात आपणच उरतो, म्हणून मुले नसतानाही पटेल अशीच जागा घ्यावी, असे मला वाटते. आजारपणात आपले माणूस अर्ध्या तासात पोहोचणे याला पर्याय नाही, हे पत्नीचे म्हणणे मात्र मला अद्याप खोडून काढता आलेले नाही.

शिवाय महागाई दरसाल ६ टक्के राहिली, तरी खर्च सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतो. तेव्हा सारी पुंजी भिंतींत अडकवणे परवडणारे नाही. तूर्तास राहते घर न विकता, पसंत पडेल त्या ठिकाणी वर्षभर भाड्याने राहून सगळे ऋतू, विशेषतः पर्यटक परतल्यानंतरचे महिने, अनुभवायचे आणि मगच खरेदीचा विचार करायचा, एवढ्यावर आमचे एकमत झाले आहे.