ट्राउटबेकचं टाउनएंड

इंग्लंडमधली जुनी वास्तू बघायची म्हटलं की सगळे किल्ले आणि सरदारांच्या हवेल्या सुचवतात. मी मात्र येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या ट्राउटबेक गावी पाठवते, टाउनएंड बघायला. हे शेतकऱ्याचं घर आहे. जॉर्ज ब्राउनने ते साधारण १६२६ साली बांधलं आणि १९४३पर्यंत त्याच्याच घराण्याकडे राहिलं. १९४८पासून नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था ते सांभाळते.

या १६२६ सालाभोवती माझं मन फार घुटमळतं. इथले शेतकरी कुळं होते, पण जमीन वहिवाटीने बापाकडून मुलाकडे जायची. मोबदल्यात स्कॉटलंडच्या सीमेवर लढाई उद्भवली तर शस्त्र घेऊन हजर व्हायचं. १६०३मध्ये दोन्ही राज्यांचा राजा एकच झाला. सीमाच उरली नाही तर हा हक्क कशाला, म्हणून त्या राजाने, पहिल्या जेम्सने, १६२०मध्ये तो रद्द करायचं फर्मान काढलं. इथल्या केंडल भागातली कुळं बधली नाहीत. १६२५मध्ये स्टार चेंबर न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याला कुणी हुसकावणार नाही ही खात्री पटली की माणूस दगडी भिंतीत पैसा घालतो. घर आणि निकाल इतके लागोपाठ यावेत, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

भिंती जाडजूड, वरून चुन्याची सफेदी. छप्पर इथल्याच स्लेट दगडाचं. धुराडी मात्र गोल! इथला दगड फुटतो वेडावाकडा. त्याचे काटकोनी कोपरे साधणं कष्टाचं, गोल रचणं सोपं. गवंड्याने दगडाशी भांडण केलं नाही, हे मला फार आवडतं.

आत दोन भाग. चूल असलेली मुख्य खोली ती ‘फायरहाउस’. घराचं उठणं-बसणं, जेवणखाण तिथे. धुणं, बिअर गाळणं अशी राबत्याची कामं ‘डाउनहाउस’मध्ये. फायरहाउसमध्ये उजेड कमी. डोळे सरावले की भिंतीतलं कोरीव ओकचं कपाट दिसू लागतं. त्यात ओटच्या पातळ, कडक भाकऱ्या ठेवत. त्या महिनोन् महिने टिकायच्या. कपाटावरच्या वेलबुट्टीत छिन्नीचा प्रत्येक घाव ओळखू येतो. याच घराण्यातल्या, एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या जॉर्ज ब्राउनलाही कोरीवकामाचं वेड होतं. त्याने जुन्या सामानात स्वतःची इतकी भर घातली, की नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे सांगायला जाणकारच हवा.

आणि पुस्तकं! सुमारे दीड हजार. त्यांतल्या काहींची जगात दुसरी प्रत माहीत नाही. मेंढ्या पाळणाऱ्या घरात एवढं वाचलं जात होतं.

रस्त्यापलीकडचं कोठार चुकवू नका. ते उतारावर बांधलंय, त्यामुळे वरच्या अंगाने गाडी थेट माळ्यावर जायची आणि खालच्या अंगाला गुरं बांधायची. बाहेरून लाकडी सज्जा आहे. त्याला ‘स्पिनिंग गॅलरी’ म्हणतात. घरात अंधार, म्हणून उजेडात बसून लोकर कातायला ही जागा, असं नावावरून समजतात; खरंच तसं होतं का, याची खात्री नाही. हिवाळ्यात घर बंद असतं, पण कोठार रस्त्यावरूनही दिसतं.