आमची वाटचाल: सोलापुरातले साडेसोळा मिलिमीटरचे रूळ

आमच्याकडे इंजिन मिळत नाही, डबे मिळत नाहीत, सिग्नलही मिळत नाही. मिळतो तो फक्त मॉडेल रेल्वेचा रूळमार्ग, तोही एचओ स्केलमधला, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा. फोनवर एवढं ऐकलं की बरेच जण "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवतात. उरतात त्यांच्यावर आमचं चालतं.

मुळात आम्ही यंत्रमागांच्या आधाराने जगणारी माणसं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या मागांना लागणारी कंट्रोल कार्डं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, जॉबवर्कवर करून द्यायची, धागा तुटला की माग थांबवणारं सर्किट दुरुस्त करायचं, असा धंदा. पुढे बरेच जुने माग भंगारात गेले आणि नव्या रेपियर मागांची कार्डं मागासोबतच येऊ लागली. कामं आटली. बोर्ड कापून उरलेल्या, तांब्याचा थर असलेल्या पट्ट्या मात्र पोत्यात भरून पडल्या होत्या.

त्या पट्ट्यांना पहिलं गिऱ्हाईक आलं ते पुण्याचं. एका हौशी गृहस्थांना चार मिलिमीटरहून बारीक, सरळ कापलेल्या पट्ट्या हव्या होत्या. कशाला, तर स्लीपर म्हणून, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या म्हणून. तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर रूळ थेट डाग देऊन (सोल्डर करून) बसवता येतो आणि दोन रुळांच्या मधला थर कानशीने खरवडला की शॉर्ट होत नाही. जगभर हौशी लोक कित्येक वर्षं हेच करतात, मला ते तेव्हा कळलं. त्यांनीच मला कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात नेलं. लोक गाड्या बघत होते. मी खाली वाकून सांधे बघत होतो.

आता धंद्यातली खरी गोम. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात, कारण ते माप १४३५ मिलिमीटरच्या युरोप-अमेरिकेच्या गेजवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरून, आलेलं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ते एचओच्या नेमक्या प्रमाणाने, ८७.१ने, भागलं की १९.२४ येतं. पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ, पण भारतीय इंजिन त्या रुळांवर ठेवलं की समोरून बघताना अंगापेक्षा पाय बारीक दिसतात. १९.२४चा मार्ग आम्ही मागणीप्रमाणे बनवतो. पण तो घेणाऱ्याला प्रत्येक इंजिनाचा, प्रत्येक डब्याचा आस बदलावा लागतो. एवढी चिकाटी फार थोड्यांकडे. म्हणून आमचा मुख्य माल साडेसोळाचाच, आणि तो भारतीय दिसावा यासाठी सगळी खटपट.

ती खटपट स्लीपरपासून सुरू होते. आपला ब्रॉडगेजचा स्लीपर २७५० मिलिमीटर लांब, म्हणजे एचओत साडेएकतीस. तेवढाच ठेवला आणि रूळ साडेसोळावर बसवले तर रुळाबाहेर स्लीपर फार लोंबतो आणि गेज आहे त्याहून अरुंद वाटतं. म्हणून आम्ही स्लीपर २९ मिलिमीटरचा करतो. रुळाबाहेरचा भाग दोन्हीकडे सव्वासहा मिलिमीटर राहतो, जवळपास खऱ्याइतकाच. डोळा गेज मोजत नाही, कडेची जागा बघतो. काही कट्टर मंडळींना ही फसवाफसवी वाटते. मला ती वाटत नाही. मापाने बरोबर आणि नजरेला चूक असं काही विकण्यापेक्षा हे बरं. स्लीपरमधलं अंतर मात्र सोडत नाही: खऱ्या लाइनवर किलोमीटरला १६६०, म्हणजे साधारण साठ सेंटीमीटरला एक, ते इथे सात मिलिमीटरला किंचित कमी पडतं.

रुळाच्या उंचीचंही तसंच. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. बाजारात सहज मिळणारा कोड १०० चा रूळ २.५४ मिलिमीटर उंच. सत्त्याऐंशीने गुणलं तर २२१ मिलिमीटर, एवढा रूळ आपल्या कुठल्याच लाइनवर नाही. आपला (मीटरला) ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटर उंच, म्हणजे एचओत १.७९. कोड ७० त्याला चपखल बसतो. ६० किलोचा हवा असेल तर कोड ७५. दोन्ही जर्मन सिल्व्हरचे. त्यात चांदी फक्त नावात, पण डाग छान धरतो आणि गंजत नाही.

सिमेंटचे स्लीपर आम्ही रेझिनमध्ये प्रिंट करतो, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या पँड्रोल क्लिपांसकट. जुना काळ हवा असेल तर लाकडी किंवा दोन ओतीव बैठका आणि मधे लोखंडी पट्टी असलेले सीएसटी-९. हे सीएसटी-९ माझ्या विशेष जवळचे, कारण तसा मार्ग परदेशी तयार मालात शोधूनही सापडत नाही. क्लिपा-बैठका चिमट्याने जागेवर लावायचं काम पूर्व भागातल्या दोन अक्का करतात. त्यांचं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. पहिल्या दिवशी मी भिंग दिलं, ते त्यांनी हसून परत केलं.

पॉइंट, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची जोडणी, मात्र जेकार्ड (मागावर नक्षी काढणारं यंत्र) दुरुस्त करणारे आमचे मामाच करतात. रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगचं टोकदार नाक दोन रूळ घासून, जुळवून करायचं. खऱ्या लाइनवर चाकाची कड जाण्यासाठी चेक रेलजवळ (चाक वाट चुकू नये म्हणून बसवलेल्या जादा रुळाजवळ) ४४ मिलिमीटरची फट असते. एचओत ती अर्धा मिलिमीटर येते. पण बाजारातल्या मॉडेलांच्या चाकांच्या कडा जाड, त्यांना एक मिलिमीटरहून जास्त जागा लागते. फट वाढवली की चाक नाकाजवळ खड्ड्यात बसल्यासारखं दचकतं, कमी केली की रुळावर चढतं. मामा फट आधी ठरवत नाहीत. गिऱ्हाइकाकडून एक डबा मागवून घेतात, चाकं मोजतात, मग कानस हातात घेतात. लांबीचं दुखणं वेगळंच. खरा १ इन १२चा, म्हणजे बारा मापं पुढे गेल्यावर एक माप बाजूला जाणारा, पॉइंट सुमारे ४० मीटर, तो इथे ४६ सेंटीमीटर होतो. फ्लॅटच्या खोलीत असे दोन बसवले की भिंत येते. तिथे आम्ही यार्डातला १ इन साडेआठ सुचवतो.

खडीसाठी लांब जावं लागत नाही, आपला काळा दगड सगळीकडे आहे. खरी खडी २० ते ६५ मिलिमीटरची. आमची अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, क्रशरच्या कचीतून चाळून, धुऊन घेतलेली. त्यावर चुंबक फिरवावाच लागतो. या दगडात लोहखनिजाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. वाटीभर खडीतून चिमूटभर काळी पूड निघते.

नॅरोगेजचं काम आम्ही नफ्यासाठी घेत नाही, खरं सांगायचं तर. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, गेज ७६२ मिलिमीटर. एचओत ते पावणेनऊ, म्हणजे बाजारातल्या नऊ मिलिमीटरच्या चाकांना जवळजवळ नेमकं. ब्रॉडगेजला जी तडजोड करावी लागते ती इथे नाहीच. ती बांधणाऱ्या कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरने ही लाइन (यार्डाला) ३० पौंडी हलक्या रुळांवर बसवली होती, म्हणून आम्ही कोड ४० वापरतो, जेमतेम एक मिलिमीटर उंच. त्यावर क्लिप किंवा खिळा दाखवला की चाकाची कड आपटते, मग नुसता डाग. सध्या कुर्डुवाडीच्या यार्डाचं मॉडेल करणं चालू आहे, ब्रॉडगेज आणि नॅरोगेज एकाच फळीवर. म्हणून नवीन पॉइंटची ऑर्डर दिवाळीनंतर.

साधा मार्ग लगेच मिळतो. बसवताना मीटरभराला अर्धा मिलिमीटर फट सोडा, आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटेला आणि मेच्या दुपारला तेवढा फरक पडतो. मे महिन्यात रेझिनचे स्लीपर कुरियरने पाठवत नाही, गाडीत तापून वाकतात. घाई असेल त्याने सोलापूरला यावं आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मांडीवर घेऊन जावं.