फुजीच्या कॅमेऱ्यात रोलसारखा रंग हवा असेल तर आधी ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा

फुजीफिल्मचा कॅमेरा हातात आला की बहुतेक जण आधी ग्रेन, म्हणजे फोटोवरचा दाणेदारपणा, वाढवतात. खरं तर ग्रेनला हात सगळ्यात शेवटी लावायचा. फिल्मच्या रोलवरच्या फोटोची पहिली खूण म्हणजे त्याचा ठरलेला रंग. डेलाइट रोल साधारण ५५०० केल्विनच्या, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या, उजेडासाठी बनवलेला असायचा. एकदा भरला की छत्तीसच्या छत्तीस फोटो त्याच हिशेबाने निघायचे: सावलीत निळसर, दिवेलागणीला तांबूस, ट्यूबलाइटखाली हिरवट. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड पाहून रंग आपोआप जुळवणारी सेटिंग, नेमकं हेच पुसतो. तो प्रत्येक फोटोचा रंग वेगळा जुळवत बसतो, म्हणून एकाच अंगणात पाठोपाठ काढलेल्या दोन फोटोंत भिंत वेगळ्या रंगाची दिसते. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर लावा आणि तिथेच राहू द्या. मग त्याच्या शिफ्टमध्ये, म्हणजे रंगाचा कल बदलायच्या सेटिंगमध्ये, जाऊन लाल +२, निळा −४ करा. निळा उणे केला की पिवळा वाढतो, म्हणजे लॅबमधून धुऊन आलेल्या प्रिंटची ऊब येते.

सिम्युलेशन, म्हणजे कॅमेऱ्यातली रोलसारखी तयार रंगछटा, क्लासिक निगेटिव्ह घ्या. २०१९ मध्ये एक्स-प्रो३ कॅमेऱ्याबरोबर ते आलं. घरोघरी लग्न-बारशाला वापरला जाणारा सुपेरिया हा साधा रोल त्यामागे आहे. एक्स-टी३ आणि मूळ एक्स-टी३० मध्ये ते नाही, तिथे क्लासिक क्रोम या सिम्युलेशनवर भागवा.

आता सर्वांत महत्त्वाचं: हायलाइट, म्हणजे फोटोतला सगळ्यात उजळ भाग. निगेटिव्हवर जास्तीचा उजेड पडला तरी पांढरा भाग हळूहळू विरत जातो. सेन्सर मात्र मर्यादा ओलांडली की थेट पांढराफटक होतो. यावरचा इलाज डायनॅमिक रेंज ४००, म्हणजे डीआर४००. कॅमेरा प्रत्यक्षात दोन स्टॉप कमी एक्स्पोजर, म्हणजे एक चतुर्थांशच, देतो आणि मधले व गडद टोन नंतर उचलतो. म्हणून त्याला बेस आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेच्या, चौपट आयएसओ लागतो. एक्स-टी४, एक्स१००व्ही यांचा बेस १६० आहे, त्यांना किमान ६४०. एक्स-टी५, एक्स१००व्हीआय यांना ५००. एक्स-टी२च्या पिढीला ८००. आयएसओ त्याखाली अडकवून ठेवला तर डीआर४०० मिळतच नाही, आणि ढग जळाले की दोष सिम्युलेशनला दिला जातो.

याची किंमत भर दुपारी मोजावी लागते. कडक उन्हात आयएसओ ६४० आणि लेन्सच्या एफ २.८ छिद्राला शटर साधारण १/२०००० सेकंद हवा. एवढा वेग यांत्रिक शटर देत नाही. एक्स१००व्ही मध्ये उजेड चार स्टॉप कमी करणारा एनडी फिल्टर आतच आहे. तो लावला की तेच एक्स्पोजर १/१२५० वर बसतं. इलेक्ट्रॉनिक शटर उन्हात चालतो, पण एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

बाकी सेटिंग: हायलाइट −१, शॅडो −१, कलर +२, शार्पनेस −२, नॉइज रिडक्शन −४, ग्रेन वीक आणि स्मॉल. शॅडोचं चिन्ह पुष्कळांना उलटं वाटतं. उणे केलं की सावली उजळते, अधिक केलं की गडद होते. नॉइज रिडक्शन, म्हणजे जास्त आयएसओचे दाणे पुसणारी सेटिंग, शून्यावर ठेवलं तर जास्त आयएसओला कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, आणि त्यावर टाकलेला ग्रेन वरून शिंपडल्यासारखा वाटतो. क्लॅरिटी −२ ने कडा छान मऊ होतात, पण प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा सेव्ह करायला थांबतो. मिरवणुकीत किंवा लहान मुलांमागे धावताना ती शून्यावरच बरी.

कलर क्रोम इफेक्ट मात्र स्ट्राँग ठेवाच. दसऱ्याच्या बाजारातला झेंडूचा ढीग डोळ्यांसमोर आणा. केशरी इतका भडक असतो की फोटोत पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता एक गोळा उरतो. हा इफेक्ट भडक रंगातले गडद टोन खाली ओढतो, आणि पाकळीवर पाकळी सुटी दिसू लागते. कासच्या तेरड्यालाही हेच लागू. पावसाळ्यातल्या सह्याद्रीसाठी व्हेल्विया हे भडक रंगांचं सिम्युलेशन मला पटत नाही. आधीच ओल्या असलेल्या हिरव्याला ते प्लास्टिकचा करून टाकतं. वापरायचंच तर कलर −२ वर आणा. माणसांच्या चेहऱ्यावर तर नकोच, गाल लालभडक होतात.

घरात पिवळ्या दिव्याखाली डेलाइट ठेवलं तर सगळं नारिंगी होतं. रोलवरही व्हायचं, पण जेवणाच्या पंगतीत ते सुंदर दिसेलच असं नाही. त्यासाठी दुसऱ्या कस्टम जागेत, म्हणजे सेटिंग साठवायच्या कप्प्यात, हीच सेटिंग ३८०० केल्विनवर साठवा. एक्स-टी२च्या काळातल्या बॉडीत शिफ्ट कस्टम जागेबरोबर साठत नाही, व्हाइट बॅलन्सच्या प्रकाराला चिकटून राहते. तिथे प्रत्येक सेटिंगला वेगळा प्रकार द्या, नाहीतर एकाची शिफ्ट दुसऱ्यात उतरते.

जेपीईजीबरोबर रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, पण साठवा. प्लेबॅकमध्ये क्यू दाबून त्याच फोटोवर वेगळं सिम्युलेशन कॅमेऱ्यातच चढवता येतं. फक्त डीआर १०० वर काढलेला फोटो नंतर ४०० करता येत नाही, उलटं चालतं. आणि असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर फाइल लहान करायच्या दाबादाबीत ग्रेनचे चौकोनी ठिपके होतात.