तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं वाचता, मग सुचवत का नाही?

"हल्ली काय वाचलंत? एखादी चांगली कादंबरी सुचवा ना." हे ज्यांनी ज्यांनी विचारलं आणि ज्यांना मी "बघते, सांगते" म्हणून वाटेला लावलं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुमच्यातल्या काहींनी माघारी मला शिष्ट म्हटलंय, तेही कानावर आलंय. असेन शिष्ट. पण सुचवत नाही त्याचं कारण वेगळं आहे.

आधी तुमच्याबद्दल थोडं. तुम्ही 'चांगली' म्हणता तेव्हा कुणाला झोप येईपर्यंत हातात धरायला काहीतरी हवं असतं, कुणाला प्रवासात, आणि कुणाला नुसतं माझ्याशी दोन शब्द बोलायचं असतं. त्यात वाईट काहीच नाही. पण मी 'रणांगण' म्हटलं की "जुनी ना ती?" ठरलेलं. हो, १९३९ची. मी ती आत्ता वाचली, म्हणून माझ्या लेखी ती हल्लीचीच. महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून निघालेली बोट, बोटीवर देश सुटलेले ज्यू, आणि त्यांतल्या हेर्टात गुंतत जाणारा चक्रधर. एका बैठकीत संपते. एवढं सांगेपर्यंत विचारणाऱ्याचं लक्ष मोबाइलकडे गेलेलं असतं, हाही अनुभव आहेच.

तरी खरं कारण तेही नाही. पूर्वी याहून कोरडा प्रतिसाद मिळाला तरी माझा उत्साह मावळायचा नाही. पुस्तक संपलं की ते कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय मला चैन पडत नसे.

उद्धव शेळक्यांची 'धग' मी अशीच नणंदेच्या गळ्यात मारली. म्हणजे मारली असं तरी का म्हणू? मागितलं त्यांनी. "वहिनी, काहीतरी दे गं वाचायला, त्या मालिकांचा वीट आलाय." माझी 'धग' नुकतीच संपली होती आणि मी तिनं भारलेली होते. १९६०ची कादंबरी. वऱ्हाडातलं शिंप्याचं घर, नवरा महादेव कशालाच पुरा न पडणारा, आणि संसार एकटीनं ओढणारी कौतिक. संवाद अस्सल वऱ्हाडी. मी कपाटापर्यंतसुद्धा गेले नाही, उशाशी होती तीच उचलून ताईंच्या पिशवीत घातली.

ताईंच्या यजमानांचं कुठल्याच नोकरीत फार काळ जमलं नाही आणि घर ताईंनीच चालवलं. यापेक्षा जास्त इथे सांगायचं कारण नाही.

पुस्तक परत आलं तेव्हा त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. पानावर माझ्या पेन्सिलच्या रेघा होत्या. मला वाचताना ओळींखाली रेघा मारायची खोड आहे, ती घरात सगळ्यांना माहीत आहे.

"या रेघा माझ्यासाठी मारल्यास?"

मी म्हटलं, "छे हो ताई, भाषेसाठी. बोली किती गोड आहे बघा ना."

त्यांनी पान उलटलं. तिथंही रेघ, कौतिक नवऱ्याला बोलते त्या वाक्याखाली. आणखी एक पान. तिथंही तेच. मी इतक्या ठिकाणी रेघा मारल्यात हे मलाच ठाऊक नव्हतं. गोड बोली अख्ख्या पुस्तकात पसरलेली आणि माझी पेन्सिल मात्र नेमकी नवरा-बायकोच्या बोलण्यात घुटमळलेली.

"यांच्या हाती पडलं असतं म्हणजे?" एवढंच म्हणून ताई गेल्या.

मी बराच काळ माझी बाजू घोकत बसले. रेघा आधीच्या होत्या, पुस्तक त्यांनी मागण्याआधी वाचून झालं होतं, हे सोळा आणे खरं. कौतिक काही बिचारी नाही, मराठी कादंबरीत तिच्याइतकी खमकी बाई शोधावी लागेल, तेव्हा कुणाला ती आपल्यासारखी वाटली तर त्यात कमीपणा कसला, हेही खरं. पण वाचताना ताई एकदाही डोळ्यांपुढे आल्या नाहीत, असं मी म्हणू शकत नाही. आल्या होत्या. आणि खमकी म्हणून कौतुक करून घ्यायची हौस बाईला असतेच असं नाही. तिला कदाचित फक्त मालिकेऐवजी काहीतरी हवं असतं.

पुस्तक त्यांनी पुरं वाचलं होतं, हे मला नंतर कळलं. शेवटाकडच्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी कोपरे दुमडत नाही. त्या पानावर माझी एकही रेघ नाही. तिथं त्यांना काय सापडलं, हे विचारायची माझी छाती झालेली नाही. ताई आणि मी बोलतो, एकमेकींकडे जातो-येतो, सगळं नीट आहे. पुस्तकं सोडून.

तेव्हापासून मी सुचवताना अडखळते. तुम्हाला एखादं नाव सांगितलं की तुम्ही त्यात स्वतःला शोधणार, आणि मग मी तुमच्यात काय पाहिलं हेही शोधणार. उशीवर डोकं ठेवायच्या आधी दहा पानं वाचणाऱ्या माणसावर हे कशाला लादू?

यावर पूर्वीची मी मला सुनावते: मग काय, फक्त विनोदी वाचायला देणार का लोकांना? 'धग' तुझ्या हातात तरी कुणी विचारून-सवरून दिली होती? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. मग मीही तिला विचारते, तुझ्या घरी नणंद आली होती का पान उघडून? तिच्याकडेही उत्तर नाही. आमचं हे असं चालू आहे.

मधला मार्ग म्हणून हल्ली मी वाचलेलं सांगते, 'तुम्ही वाचाच' म्हणत नाही. कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचली, २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणानं उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेलं म्हसरू आणायला माघारी जातो. त्या म्हसरानं रान जवळ केलंय, आणि वाचता वाचता आपण माणसाच्या बाजूनं की जनावराच्या, तेच कळेनासं होतं. सावकाश वाचावी लागते. 'धग'नंतर रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' हाती घेतली होती, १९७१ची. तिथंही शिंप्याचंच घर, पण इथं सगळं बायकोच सांगते, थेट मराठवाडी बोलीत. पहिली काही पानं कान बसेपर्यंत जड जातात, मग तिचा आवाज आपल्याला ओढून नेतो.

'पाचोळा' हवी असेल तर माझी प्रत मागा, देईन. रेघा आहेत. त्या खोडून देऊ का तशाच ठेवू, ते मात्र मागतानाच सांगा.