तीन इंजिनांतून बांधलेले एक इंजिन

वडिलांनी १९७२ साली घेतलेली अँबॅसेडर मार्क २ इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरासमोर अकरा वर्षे नुसती उभी होती. गेल्या दिवाळीनंतर तिचे इंजिन उतरवले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा) वाकलेला, चौथ्याचे बिगएंड (रॉडचे क्रँककडचे मोठे टोक) जळालेले आणि हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, दोन व्हॉल्व्हच्या मधोमध चीर गेलेली आढळली. सिलिंडर ज्यात असतात तो ब्लॉक मात्र शाबूत होता, आणि तो तोच ठेवायचा हे मी मनाशी पक्के केले होते.

या गाडीचे भाग मिळणे कठीण नाही. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेले हे १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यात अनेक वर्षे बनवले, आणि त्या काळात त्यात बारीकसारीक बदल होत गेले. पुढे आलेल्या डिझेल अँबॅसेडरचे इंजिनही १४८९ सीसीचेच होते. त्यामुळे भंगारबाजारात ‘१४८९’ एवढे सांगून भागत नाही. मला दोन रॉड एका इंजिनातले मिळाले आणि हेड दुसऱ्याच इंजिनावरचे, नंतरच्या मॉडेलचे. प्रत्येक भाग आपापल्या जागी निर्दोष होता, पण त्यांचे एकमेकांशी जमणार की नाही, हे मोजल्याखेरीज सांगता येणार नव्हते.

सर्वांत जास्त वेळ रॉडांनी घेतला. या इंजिनाच्या रॉडचे मोठे टोक तिरके कापलेले असते, कारण सरळ कापले असते तर ते ७३ मिलिमीटरच्या सिलिंडरमधून वर काढता आले नसते. रॉड आणि त्याची कॅप (मोठ्या टोकाचा सुटा अर्धा भाग) एकत्र आवळूनच आतले भोक पाडलेले असते, म्हणून एकाची कॅप दुसऱ्याला लावली की भोक गोल राहत नाही. नवे दोन्ही रॉड मी बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजणाऱ्या उपकरणाने) तीन दिशांनी मोजले, आणि ते गोल निघाल्यावरच वजनाकडे वळलो. त्यासाठी थोड्या ग्रॅमांचाही फरक दाखवणारा काटा हवा होता. सराफ्यात रात्रीची खाण्याची दुकाने लागण्यापूर्वी, वडिलांच्या एका स्नेह्यांच्या पेढीवर मी रॉकेलने धुऊन पुसलेले चारही रॉड घेऊन गेलो. काकांनी काट्यावर स्वच्छ फडके अंथरले आणि प्रत्येक आकडा स्वतः मोठ्याने वाचला. रॉडचे एक टोक दोऱ्याने टांगून दुसरे काट्यावर ठेवायचे आणि मग उलट करायचे, अशा रीतीने दोन्ही टोकांची वजने वेगवेगळी घेतली. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या रॉडच्या लहान टोकांत १४ ग्रॅमांचा फरक निघाला.

हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण ८८.९ मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनात मिनिटाला ४००० फेऱ्या होत असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो त्या क्षणी लहान टोकाच्या प्रत्येक ग्रॅमाचा ओढा सुमारे किलोभर होतो. म्हणजे एका सिलिंडरला दर फेरीत चौदा किलोंचा जादा झटका बसला असता. जड रॉडांचे धातू मी टोकांवरच्या जाड भागातून उतरवले आणि घासल्याच्या रेषा रॉडच्या लांबीच्या दिशेने राहतील एवढी काळजी घेतली, कारण आडव्या ओरखड्यातून तडा सुरू होतो. तीन संध्याकाळी खर्ची घालून चारही रॉड दोन ग्रॅमांच्या आत आणले.

क्रँक सांवेर रोडवर ग्राइंड करून वीस साइजला, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या हजारांश वीस भागांनी कमी, आणला. ते काम चोख झाले. ब्लॉक धुण्यासाठी आणि बोअरिंगसाठी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दिला होता, आणि तिथून परत आलेल्या तीन मेन कॅपांपैकी (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या) मधली माझी नव्हती. पुढची आणि मागची कॅप आवळली तोवर क्रँक दोन बोटांनी फिरत होता. मधली आवळताच तो जागच्या जागी अडकला. इंजिन खोलताना मी प्रत्येक कॅपवर पंचने ठिपके मारले होते, आणि या कॅपवर एकही ठिपका नव्हता. मेन बेअरिंगची घरेही कॅपा आवळूनच एका रेषेत बोअर केलेली असतात, त्यामुळे परक्या कॅपसाठी नव्याने लाइन बोअरिंग करण्यावाचून गत्यंतर नसते. मी परत जाऊन अर्धा दिवस शोधले, तेव्हा माझी कॅप दुसऱ्याच कुणाच्या इंजिनाच्या परातीत सापडली. तो अर्धा दिवस मला अजूनही सलतो, कारण पंचचे ठिपके नसते तर मी दोष क्रँकला दिला असता.

हेडमधल्या पोकळीचे मोजमाप, म्हणजे तिच्यात किती द्रव मावतो हे पाहणे, काचेसारखा ॲक्रिलिकचा तुकडा, थोडे ग्रीस आणि औषधाच्या दुकानातली सिरिंज एवढ्यावर झाले. नव्या हेडची पोकळी जुन्यापेक्षा प्रत्येक सिलिंडरमागे ३ सीसीने कमी भरली. कुणीतरी ते पूर्वी घासून घेतले असावे. एका सिलिंडरचे आकारमान ३७२ सीसी आणि वरची एकूण पोकळी ६० सीसी धरली, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ७.२ येते, ५७ सीसीला ते ७.५ होते. एवढे आजच्या पेट्रोलला सहज चालते, म्हणून जाड गॅस्केट शोधण्याचा विचार सोडून दिला.

परवा चारही पिस्टन आत गेले. पिस्टनच्या प्रत्येक रिंगचे तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) तिच्याच सिलिंडरमध्ये फीलर गेजने तपासून घेतले होते. टॉर्क रेंचने शेवटची कॅप आवळून क्रँक फिरवला, तेव्हा तो पूर्ण फेरीत कुठेही जड लागला नाही. वडिलांच्या जुन्या सर्व्हिस डायरीत चारही रॉडांची वजने, बेअरिंगची साइज आणि हेडची मापे तारखेसह लिहिली आहेत. पाने अजून बरीच कोरी आहेत.