पारोळ्याचे नाना, बोरकुंडचे नाना

आमच्या घराण्यात नाना किती, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पारोळ्याचे नाना, बोरकुंडचे नाना, चहार्डीचे नाना, शिवाय अख्खी गल्ली ज्यांना नाना म्हणते ते शेजारचे. २००९ मध्ये पिकासात, म्हणजे गूगलच्या फोटो लावायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, चेहरे ओळखायची सोय आली. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव टाकायला एक चौकट. तिथे ‘नाना’ लिहिलं आणि पुढच्या नानांखालीही तेच लिहिलं, की दोघे मिळून एकच माणूस व्हायचे.

मग सासूबाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. मी अमळनेरला शाळेत शिकवते. एमएस-सीआयटी केलेली, त्यामुळे घरात माउस माझ्या हातात. पण माणसं ओळखायचं काम त्यांचं. “हाऊ बोरकुंडना नाना शे, तो चहार्डीना,” असं त्या सांगत जायच्या आणि मी नावामागे गाव लावत जायची. पिकासाने त्यांच्या एका फोटोखाली त्यांच्या बहिणीचं नाव सुचवलं तेव्हा मात्र त्या चिडल्या. “मनी बहीन शे ती, मी नही!” हे त्यांनी स्क्रीनला उद्देशून सांगितलं.

लग्नाच्या फोटोंत तर त्या सॉफ्टवेअरची पार दैना. नवरदेवाच्या तोंडासमोर मुंडावळ्या. नवरीच्या अंगभर हळद. आणि जुन्या बायका कपाळाच्याही खाली पदर ओढून उभ्या! डोळे-नाकच दिसेना तर ते बिचारं चेहरा म्हणून पकडणार काय? सासूबाई नुसत्या उभं राहण्याच्या लकबीवरून सांगायच्या, ही अमकी, ही तिची जाऊ.

हे सगळं आज आठवायचं कारण, यंदाच्या सुटीत घरातले फोटो, कॅसेटी आणि डीव्हीड्या एकदाच्या लावून टाकायला घेतल्या आहेत.

आताच्या मुलांना सांगून पटत नाही, पण एके काळी कॅमेऱ्याच्या खोक्यात सॉफ्टवेअरची सीडी यायची. सीडी रायटर घेतला की त्याबरोबर सीडी-डीव्हीडी राइट करायचं नीरो. विंडोज एक्सपीत व्हिडिओ जोडायचं मूव्ही मेकर आधीपासूनच बसलेलं. माझ्या पुण्याच्या मावसभावाकडे मॅक होता. ॲपलने २००३ मध्ये आयलाइफ नावाने आयफोटो, आयट्यून्स, आयमूव्ही आणि आयडीव्हीडी एकत्र बांधून दिले, पुढच्या वर्षी त्यात गाणी रचायचं गॅरेजबँड घातलं. फोटो उचलला की थेट व्हिडिओत, व्हिडिओ झाला की थेट डीव्हीडीत. ते पाहून मी हरखले होते, हे खरं. आमच्याकडे तसा सुबक संच नव्हता. फोटोंना पिकासा, गाण्यांना विनॲम्प, व्हिडिओला मूव्ही मेकर, शेवटी नीरो, असं आम्ही जुळवून घेतलेलं. आणि मध्ये लोडशेडिंग. डीव्हीडी राइट होत असताना लाइट गेली की डीव्हीडी बाद. ती शेतात पाखरं हाकायला दोरीला टांगायची. ज्वारीत आमच्या पुतण्याच्या बारशाच्या डीव्हीड्या पुष्कळ दिवस चमकत होत्या.

मूव्ही मेकरमध्ये मी काय काय केलं ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते, की व्हिडिओ जुना दिसावा म्हणून त्यात एक इफेक्ट होता, आणि त्याच्या तीन पायऱ्या होत्या: जुना, आणखी जुना, सगळ्यात जुना. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यांच्या क्लिपांना मी तिसरी पायरी लावली होती. आज त्या क्लिपा आपोआपच जुन्या झाल्यात आणि वरून माझे ते ओरखडे आहेत. अशी करामत करायची तर चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांच्यासारखी करावी. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचा फोटो काढायचा. शाळेची सहल त्यांचे फोटो पाहायला गेली तेव्हा एका पोराने मला विचारलं, “मॅडम, हे कोणत्या ॲपवर केलंय?”

तर, या संचांनी दोन गोष्टी विकल्या: करायची हौस आणि लावून ठेवायची सोय. हौस महिन्याभरात फिटते. लावून ठेवणं हे खरं काम, आणि ते कुठे लिहून ठेवलंय हा खरा प्रश्न. मूव्ही मेकरच्या प्रोजेक्ट फाइलीत व्हिडिओ नसतोच. कोणती क्लिप कुठून कुठवर घ्यायची, एवढीच टिपणं असतात. क्लिपांचं फोल्डर दुसरीकडे हलवलं की त्या जागी लाल फुली. पिकासाही तसंच, पण अधिक सभ्य. फोटो जिथे असतील तिथेच राहू द्यायचं आणि कापणं, उजळणं वगैरेच्या नोंदी त्याच फोल्डरात एका छोट्या आयएनआय फाइलीत लिहायचं. मूळ फोटोला धक्का नाही. हे मला आजही फार आवडतं. गंमत अशी, की ती छोटी फाइल लपलेली असते, त्यामुळे फोटो निवडून पेन ड्राइव्हवर घेतले की नोंदी मागेच राहतात.

गूगलने मार्च २०१६ मध्ये पिकासाचं काम थांबवलं. मूव्ही मेकर पुढे ज्यात गेलं तो मायक्रोसॉफ्टचा विंडोज इसेन्शियल्स संच जानेवारी २०१७ मध्ये बंद झाला. ॲपलनेही २०१५ मध्ये आयफोटोच्या जागी फोटोज आणलं. म्हणजे महागडा संच असो की आमच्यासारखी जुळवाजुळव, दहा-बारा वर्षांत दुकान आवरतंच. फोटो जातात कुठे? कुठेच नाही, हार्ड डिस्कवर पडून असतात. फक्त बोरकुंडचे नाना कोणते, हे सांगणारं कुणी उरत नाही.

बरं, पिकासाच्या शेवटच्या आवृत्त्यांत नावं फोटोच्या फाइलीतच लिहायचा पर्याय होता. जुन्या कॉम्प्युटरवर पिकासा अजून चालतंय, म्हणून मी यंदा सगळ्यात आधी तेच उरकलं. मग फोटो डिजीकॅम नावाच्या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले. हे फुकट आहे, विंडोजवरही चालतं, आणि चेहरे ओळखायचं काम आपल्याच कॉम्प्युटरवर करतं. दिसायला बोजड आहे, मेनूत मेनू आणि त्यात आणखी मेनू, पहिले काही दिवस डोकं उठतं. पण सेटिंगमध्ये जाऊन माहिती फाइलीत लिहायची खूण केली, की देवनागरीत दिलेली नावंसुद्धा फोटोबरोबर जातात. टॅगच्या पोटात टॅग घालता येतो. माझ्याकडे आता ‘नाना’ नावाचा वरचा टॅग आहे आणि त्याखाली गावं.

स्कॅन केलेल्या फोटोंची तारीख मात्र हाताने बदलावी लागते, नाहीतर सासऱ्यांचं लग्न या मे महिन्यात लागल्यासारखं दिसतं. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंची मूळ तारीख, जागा सगळं गळालेलं असतं. घरच्या ग्रुपवर सांगून दमले, की बाबांनो, जुने फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कुणी ऐकत नाही. उलट फुलांची चौकट लावून पाठवतात.

पुतण्या म्हणतो, “काकू, कशाला एवढी मरमर? गूगल फोटोजवर टाकून द्या.” शोधायला ते आहेच भारी. पण जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत साठवण संपली. मेल आणि ड्राइव्ह धरून पंधरा जीबी, पुढे पैसे. शिवाय तिथे चेहऱ्यांना दिलेली नावं फोटोच्या फाइलीत उतरत नाहीत, म्हणजे पुन्हा वही दुसऱ्याच्या दुकानात. मी तिथे एक प्रत ठेवलीय. दोन प्रती हार्ड डिस्कवर, त्यातली एक धुळ्याला नणंदेकडे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो धाकट्या दिरांच्या लग्नाच्या कॅसेटने. व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला जवळची वाट नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना यूएसबीच्या एका छोट्या डबीत जातात आणि आपण बसायचं. शूटिंगवाल्याने मिक्सिंगमध्ये नवरा-नवरीला बदामात फिरवलंय, कमळातून काढलंय, आणि बहुतेक ठिकाणी खरा आवाज काढून सिनेमाची गाणी भरलीयत. हळदीला मात्र त्याने हात लावला नाही, कंटाळला असावा. तिथे बायकांचं अहिराणी गाणं जसंच्या तसं आहे, मागे जनरेटरची घरघर.

तो आवाज ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज साफ करता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, घेतला. नुसती घरघर असलेला सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याचा नमुना द्यायचा, मग सगळ्या गाण्यावर नॉइज रिडक्शन लावायचं. हावरटपणे जास्त लावलं तर बायका विहिरीतून गातायत असं वाटतं. मी थोडी घरघर राहू दिली. सासूबाईंना हेडफोन लावून ऐकवलं तर त्या गाण्यातल्या एकेका नावाला थांबवायला लागल्या. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात पाहुण्यांची नावं गुंफतात, आणि ती बऱ्याचदा गावासकट येतात. दोन आवाज त्यांनी ओळखले, एकाबद्दल अजून वाद आहे. ते सगळं मी त्या फाइलीच्या माहितीच्या रकान्यात मिनिट-सेकंदांसह लिहिलंय.

अजून पिशवीभर कॅसेटी आहेत, आणि व्हीसीआरने परवापासून टेप खायला सुरुवात केलीय. हेड साफ करून पाहिलं, पट्टा सैल झाल्यासारखा वाटतो. अमळनेरचे जुने टीव्ही मेकॅनिक आता मोबाइलच दुरुस्त करतात. जळगाव, धुळे, भुसावळकडे अजून व्हीसीआर उघडणारं कुणी माहीत असेल तर कळवा, मी मशीन घेऊन एसटीने येईन.